कायद्याच्या विद्यार्थ्याला मदत कुठे मिळते, कुठे तुटते

नाशिकला १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. गुणांच्या जोरावर त्यांना इंग्लंडला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. ती नाकारली गेली, कारण त्या स्त्री होत्या. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली आणि त्या ऑक्सफर्डच्या समरव्हिल महाविद्यालयात दाखल झाल्या. १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची बीसीएल परीक्षा दिली. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पदवी मात्र हातात पडली १९२२ मध्ये.

सोराबजींच्या त्या परीक्षेनंतर दोन दशकांनी, १९१३ मध्ये, सयाजीराव गायकवाडांनी तरुण भीमराव आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनमध्ये अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी असा दुहेरी अभ्यास चालू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये सगळे अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईत नोकरी करून जमवलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि बॅरिस्टर होऊनच परतले. १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

मदत दारातच नाकारली जाणे आणि मिळालेली मदत मध्येच तुटणे, हे दोन्ही अडथळे आजही कायद्याच्या विद्यार्थ्याच्या वाटेत आहेत. योजना थोड्या नाहीत. केंद्र, राज्य, खासगी न्यास आणि परदेशी विद्यापीठे यांची यादी केली तर ती लांबलचक होते. पण बहुतेक पैसा वाटेच्या मधल्या टप्प्यावर, म्हणजे महाविद्यालयाच्या शुल्कावर खर्च होतो. प्रवेश परीक्षेच्या आधी आणि वकिलीची सनद मिळाल्यानंतर, जिथे गरीब घरातली मुले सर्वाधिक गळतात, तिथे हात देणारे कमी आहेत. म्हणून हा आढावा वाटेच्या क्रमानेच घेऊ.

प्रवेशाआधी

महाराष्ट्रात बारावीनंतरचा पाच वर्षांचा आणि पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएलबी, दोन्हींचे प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, त्यामुळे ग्रामीण विद्यार्थ्याला दार बरेच उघडे आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची ‘क्लॅट’ मात्र फक्त इंग्रजीत होते. तिचे अर्ज शुल्कच चार हजार रुपये आहे आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी ते साडेतीन हजार. त्यावर खासगी शिकवणीचा खर्च वेगळा, आणि निवड झाल्यावर जागा धरून ठेवायला आगाऊ भरायची रक्कमही वेगळी. शिष्यवृत्तीचा अर्ज करायची वेळ येते, तोवर घराने हा खर्च सोसलेला असावा लागतो.

ही दरी ओळखून प्रा. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये ‘इडिया’ ही संस्था सुरू केली. वंचित घरांतली मुले शोधायची, त्यांची क्लॅटची तयारी करून घ्यायची आणि प्रवेश मिळाल्यावर शुल्कापासून इंग्रजीपर्यंत सोबत करायची, अशी तिची पद्धत आहे. तिचे कार्यकर्ते बहुतांशी विधी विद्यापीठांतलेच विद्यार्थी असतात. बशीर २०१९ मध्ये वारले, पण काम चालू आहे. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशांच्या तयारीसाठी सरकारी मदतीच्या योजना आहेत. बार्टी, सारथी, महाज्योती यांसारख्या राज्य सरकारच्या संस्था स्पर्धा परीक्षांची तयारीही करून घेतात. कायद्याच्या प्रवेश परीक्षेला त्याच तोडीचे स्थान मिळाले, तर थोड्या खर्चात मोठा फरक पडेल.

महाविद्यालयाचे शुल्क

सर्वांत मोठा सरकारी आधार म्हणजे भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. अनुसूचित जातींसाठी ती १९४४ पासून चालू आहे. महाराष्ट्रात तिचे अर्ज ‘महाडीबीटी’ पोर्टलवर भरले जातात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर अनिवार्य शुल्क आणि वर्षाचा शैक्षणिक भत्ता मिळतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल, तर भत्ता नाही, पण शिक्षण व परीक्षा शुल्काची स्वतंत्र योजना आहे. विद्यार्थी तिला ‘फ्रीशिप’ म्हणतात. अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि विशेष मागासवर्ग यांच्यासाठी आपापल्या विभागांच्या अशाच योजना आहेत.

खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. तिच्यातून व्यावसायिक अभ्यासक्रमाचे निम्मे शुल्क सरकार भरते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मुलींसाठी याहून मोठे पाऊल पडले. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत मिळते. तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलीला कायदा शिकवायचा की नाही, हा घरातला वाद या एका निर्णयाने पुष्कळ ठिकाणी मिटू शकतो. अट लक्षात ठेवायची ती अशी: व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश, खासगी अभिमत विद्यापीठे आणि खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे या सवलतीत येत नाहीत. म्हणजे महाविद्यालय निवडतानाच शिष्यवृत्तीचा निर्णय होऊन जातो. जाहिरातीतली इमारत पाहून प्रवेश घेतला आणि मागाहून योजना शोधली, तर उशीर झालेला असतो.

केंद्राची आणखी एक योजना बारावीच्या गुणांवर मिळते. बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना पदवीची पहिली तीन वर्षे दरवर्षी १२ हजार रुपये आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथ्या-पाचव्या वर्षी २० हजार रुपये मिळतात. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर तिचे अर्ज असतात. निम्म्या जागा मुलींसाठी आहेत. पाच वर्षांच्या एलएलबीला गेलेल्या किती मुलांना हे ठाऊक आहे, हे प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या वर्गात विचारून पाहावे.

याच्या उलट, ज्या योजनांची नावे सर्वांत जास्त ऐकू येतात, त्यांपैकी काही कायद्याला लागूच नाहीत. मुलींसाठीची ‘प्रगती’ आणि दिव्यांगांसाठीची ‘सक्षम’ या वर्षाला ५० हजार रुपये देणाऱ्या शिष्यवृत्त्या अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या आहेत. कायद्याचे शिक्षण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांखाली येते, त्यामुळे विधी विद्यार्थिनी त्यात बसत नाही. अभियांत्रिकीच्या मुलीला मिळणारी मदत तेवढ्याच उत्पन्नाच्या घरातल्या विधी विद्यार्थिनीला मिळत नाही, याचे कारण गरज नसून खाते वेगळे असणे हे आहे. बार कौन्सिल आणि केंद्र सरकार यांनी मिळून ही विषमता दूर करायला हवी.

आणखी एक नियम तीन वर्षांच्या एलएलबीला येणाऱ्यांनी आधीच पाहावा. एक व्यावसायिक पदवी घेऊन झाल्यावर दुसऱ्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळत नाही. बी.एड. करून मग एलएलबीला येणारे पुष्कळ असतात. त्यांना हे प्रवेशानंतर कळते आणि घराचा सगळा हिशोब कोसळतो.

शुल्कापलीकडचा खर्च

आता मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा भत्ता पाहू. अभ्यासक्रमाचा गट आणि वसतिगृहात राहणे न राहणे यांवरून तो वर्षाला अडीच हजार ते साडेतेरा हजार रुपये असतो. सर्वांत वरची रक्कम धरली तरी महिन्याला ११२५ रुपये होतात. पुण्यात किंवा मुंबईत एवढ्यात खानावळीचे अर्धे बिलही भागत नाही. कायद्याच्या पुस्तकांच्या, विशेषतः भाष्यग्रंथांच्या किमती पाहिल्या की राहिलेली आशाही संपते.

म्हणून राज्याच्या निर्वाहाच्या योजनांचे महत्त्व शुल्कमाफीइतकेच आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ मध्ये सुरू झाली. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांत तिच्यातून वर्षाला ६० हजार रुपये मिळतात, लहान शहरांत त्याहून कमी. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. साठ हजार म्हणजे महिन्याला पाच हजार. ही रक्कम पुरेशी नाही, पण तेवढ्यावर एक कॉट आणि दोन वेळचा डबा भागवून मुले शिकली आहेत.

मात्र पैसा उशिरा येतो. मार्च २०२१ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के झाला. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो. हेतू चांगला आहे, मधल्या हातांना वाव राहत नाही. पण दोन वाटे वेगवेगळ्या वेळी येतात, आणि तोवर शुल्क भरा म्हणून महाविद्यालय मागे लागते. जुलैत प्रवेश घेतलेल्या मुलाचा निर्वाह भत्ता पुढच्या उन्हाळ्यात आला, तर मधले महिने त्याने सावकाराच्या किंवा मामाच्या पैशांवर काढलेले असतात. शिष्यवृत्तीची खरी कसोटी रकमेइतकीच तारखेची आहे.

उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादाही दशकभर तिथेच आहे. आई आणि वडील दोघे मिळून महिन्याला एकवीस हजार कमवत असले, तरी ते कुटुंब या मर्यादेबाहेर जाते. इतर योजनांत आठ लाखांची रेषा आखणाऱ्या सरकारने सर्वांत जुन्या आणि सर्वांत गरजू गटाच्या योजनेत मात्र एवढी खालची रेषा ठेवावी, हे अन्यायाचे आहे.

राष्ट्रीय विधी विद्यापीठे

महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे आहेत. देशभरच्या अशा विद्यापीठांत राहण्या-खाण्यासह वर्षाचा खर्च दोन ते चार लाखांच्या घरात जातो. इथे अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सर्वांत उपयोगी आहे केंद्राची ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्ती. तिच्या नामांकित संस्थांच्या यादीत राष्ट्रीय विधी विद्यापीठेही आहेत. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर पूर्ण शिक्षण शुल्क, शिवाय पहिल्या वर्षी ८६ हजार आणि पुढे दरवर्षी ४१ हजार रुपये राहणे, पुस्तके आणि संगणकासाठी मिळतात. प्रत्येक संस्थेला ठरावीक जागा असल्याने प्रवेश झाल्या आठवड्यातच चौकशी करावी. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी अशीच वेगळी योजना आहे.

खासगी मदतीत आदित्य बिर्ला शिष्यवृत्तीने काही निवडक विधी विद्यापीठांना आपल्या यादीत घेतले आहे. बहुतेक विधी विद्यापीठांची स्वतःची शुल्कसवलतही असते, पण तिची चर्चा कमी होते. ती मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि पहिल्या पिढीतला विद्यार्थी मागायला संकोचतो.

कर्जाचा मार्ग घ्यायचा तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आधी पाहावी. मानांकनात आलेल्या संस्थांत प्रवेश घेणाऱ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची ७५ टक्के हमी आहे, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात तीन टक्के सवलत आहे. तरीही कर्ज ही शिष्यवृत्ती नव्हे. मोठा हप्ता डोक्यावर असलेला तरुण वकील तालुका न्यायालयात बसत नाही, तो कंपनीची नोकरी शोधतो. त्याला दोष देता येत नाही, पण नुकसान तालुक्याचे होते.

जुनी चांगली महाविद्यालयेही विसरू नयेत. १८५५ पासूनचे मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय आजही अत्यल्प शुल्कात शिकवते. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाने २०२४ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली. गोव्यात पणजीचे साळगावकर आणि मडगावचे कारे विधी महाविद्यालय आहे. कमी शुल्काची चांगली संस्था हीच पुष्कळदा सर्वांत मोठी शिष्यवृत्ती ठरते.

पदव्युत्तर आणि परदेश

एम.टेक.ला ‘गेट’मधून आलेल्या विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. एलएलएमच्या विद्यार्थ्यासाठी देशभर लागू असलेली अशी सरसकट तरतूद नाही. संशोधनाकडे वळल्यावर परिस्थिती सुधारते. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये मिळतात. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्याही पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्त्या आहेत. म्हणजे मधली एलएलएमची एक-दोन वर्षे ज्याला परवडतात, तोच पुढच्या पैशापर्यंत पोचतो.

परदेशी एलएलएमचा खर्च ब्रिटनमध्ये चाळीस लाखांच्या पुढे सहज जातो, अमेरिकेत त्याहून बराच जास्त. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून आहे. तिच्यातून दरवर्षी ७५ विद्यार्थी जाऊ शकतात. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची योजना महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाने आहे. इतर मागास, आदिवासी आणि अल्पसंख्याक विभागांच्याही योजना आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत.

पण २०२२ च्या नियमांनी या केंद्रीय योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. जातीच्या अत्याचारांवरचा कायदा, जमिनीचे हक्क किंवा आदिवासींची रूढी परदेशात राहून अभ्यासू पाहणाऱ्या दलित विद्यार्थ्यासाठी ही बंदी सर्वांत घातक आहे. कोलंबियातला आंबेडकरांचा जातिसंस्थेवरचा निबंध आठवला की तिचा अर्थ उघड होतो. ती उठवली पाहिजे. शिवाय २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ जणांपैकी ४० जणांनाच आधी तात्पुरती मंजुरीपत्रे दिली गेली आणि बाकीच्यांना निधीची वाट पाहावी लागली. परदेशी विद्यापीठ अशी वाट पाहत नाही.

खुल्या स्पर्धेतल्या शिष्यवृत्त्यांत ऱ्होड्स ऑक्सफर्डला नेते. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगला सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. फुलब्राइट-नेहरूच्या विषयांत आंतरराष्ट्रीय कायदा आहे, पण तिथे तीन वर्षांचा अनुभव हवा. मुंबईच्या इनलॅक्स शिवदासानी प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती आणि ऑक्सफर्ड, सोआस, रेडिंगसाठीची फेलिक्स याही कायद्याला खुल्या आहेत. समरव्हिलमध्ये आज कॉर्नेलिया सोराबजींच्या नावाने कायद्याची शिष्यवृत्ती दिली जाते. मुंबईतूनच जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्ज-शिष्यवृत्त्या देते, आणि नरोत्तम सेखसरिया प्रतिष्ठान बिनव्याजी कर्ज देते. यांतल्या बहुतेकांची तयारी निघण्याआधी पंधरा-अठरा महिने सुरू करावी लागते.

सनदेनंतर

सर्वांत मोठी पोकळी इथे आहे. पदवी मिळते आणि सगळ्या योजना एकदम थांबतात. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नोंदणीसाठी कायद्यातल्या रकमेहून, म्हणजे ७५० रुपयांहून आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांहून जास्त शुल्क घेता येणार नाही. त्यापूर्वी राज्याराज्यांत हजारो रुपये भरावे लागत. हा दिलासा मोठा आहे, पण पुढची दोन-तीन वर्षे कनिष्ठ वकिलाची प्राप्ती प्रवासभाड्याइतकीही नसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठांना शहरांत किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे, सक्ती नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या भरतीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. अनुभवी न्यायाधीश मिळावेत हा हेतू रास्त आहे. पण ज्याला ही तीन वर्षे बिनपैशाची काढता येतील, तोच न्यायासनापर्यंत पोचेल, हा धोकाही खरा आहे. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये नव्या वकिलांना दरमहा पाच हजार रुपये देण्याची योजना आणली. केरळने तीन हजारांपर्यंतच्या विद्यावेतनाची तरतूद केली. महाराष्ट्राने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर शिकलेल्या प्रत्येक पदवीधराला पहिल्या तीन वर्षांसाठी असे विद्यावेतन द्यावे. पाच वर्षे ज्याच्यावर खर्च केला, त्याला शेवटच्या पायरीवर सोडून देणे हा सरकारी पैशाचाही अपव्यय आहे.

अर्जदाराने काय करावे

प्रवेशाच्या आधीच्या उन्हाळ्यात उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, अधिवास आणि लागू असेल तर नॉन-क्रीमिलेअर काढून ठेवावे. वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात. बँक खाते आधारशी जोडलेले आहे याची शाखेत जाऊन खात्री करावी. जमा न झालेल्या रकमांचे हे नेहमीचे कारण आहे. शिक्षणात खंड असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे. अर्ज भरल्यावर तो महाविद्यालयाच्या लॉगिनमधून पुढे गेला का, हे दर आठवड्याला पाहावे आणि त्रुटी निघाली तर मुदतीत दुरुस्त करावी. मर्यादा आणि रकमा बदलतात, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय स्वतः वाचावा. कायदा शिकणाऱ्याचा तो पहिला धडाही आहे.

महाविद्यालयांचीही जबाबदारी आहे. विधी सहाय्य केंद्र चालवणाऱ्या संस्थेने आपल्याच विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती कक्ष चालवावा आणि वरच्या वर्गातल्या मुलांनी खालच्यांचे अर्ज भरून घ्यावेत.

आज सरकारी खाती आपले यश वाटलेल्या कोटींत मोजतात. त्याऐवजी त्यांनी दरवर्षी हे जाहीर करावे: शिष्यवृत्तीवर शिकलेल्यांपैकी पाच वर्षांनंतर किती जण वकिली करत आहेत, किती जण न्यायाधीश झाले, आणि त्यांत मुली किती. पक्षकारांच्या वस्त्यांतून आलेली माणसे न्यायालयात दोन्ही बाजूंना आणि वर न्यायासनावर दिसली, तर तिथला न्याय लोकांना आपला वाटेल. कायद्याच्या शिष्यवृत्तीवर खर्च होणारा प्रत्येक रुपया यासाठी आहे, आणि त्याचा हिशोब याच मापाने मागायला हवा.